लेकीच्या घरचं पाणी

कोडोलीहून सुटलेल्या एसटीत आक्काला खिडकीची जागा मिळाली, तरी तिचं बूड काही ठरेना. मांडीवर चिकाचा डबा, पायाशी पिशवी, पिशवीत घरच्या पाण्याची बाटली. डबा हिंदकळतो म्हणून ती तो दोन्ही हातांनी धरायची, पदर सरकला की एक हात सोडायची, मग वाकून बाटली आडवी झाली नाही ना ते चाचपायची. शेजारी आण्णा टोपी गुडघ्यावर ठेवून निवांत बसले होते.

"अगं, गोचीड लागल्यागत काय हलायलीस? डबा हिकडं दे."

"ऱ्हाऊ दे. तुमी सांडशीला."

"मग जरा गप बस की. लेकीकडं निघालोय, कोरटात न्हवं."

आक्का गप्प बसली, पण पायाचा अंगठा चपलेत वरखाली होतच राहिला. चीक आणायचा की नाही, यावरच सकाळी गोठ्यात तिचा अर्धा तास गेला होता. आधी डब्यात ओतला, मग परत पातेल्यात, मग पुन्हा डब्यात. म्हैस परवा व्याली. पहिलटकरीण. चीक असा की चमचा उभा राहावा. आणि लेकीला खरवसाची आवड लहानपणापासून. दुसऱ्या कुठल्याही वर्षी आक्कानं एवढा विचार केला नसता.

पण आठ दिवसांपूर्वी तेजस्वीचा फोन आला होता. आक्का तेव्हा वैरण टाकत होती. फोन कानाला आणि खांद्याला दाबून धरलेला.

"आई, आमी थांबवलं."

"काय थांबवलं?"

"दवाखाना. डॉक्टर म्हणतात मुलासाठी अजून एकदा करून बघा. आमी न्हाय म्हणून सांगितलं. आता बास."

आक्काच्या हातात वैरणीची पेंढी, समोर तटतटलेली म्हैस. तोंडात आलं ते ती बोलून गेली, "आपली म्हैस व्यायला झालीया बघ."

म्हणाली आणि जीभ चावली. पलीकडून तेजस्वी म्हणाली, "रविवारी या दोघं. पण जेवायला ये, आई. बाटलीतलं पाणी पिऊन, पिशवी रिकामी करून जायचं असलं तर नको येऊस."

नको येऊस, असं लेक आजवर कधी म्हणाली नव्हती.

आक्काचं खरं नाव शेवंता. माहेर चंदगडचं. तिकडच्या पावसातून लग्न होऊन ती कोडोलीच्या उसात आली, तेव्हा माहेरहून तांदळाचं पोतं, काजूचं गाठोडं आणि आईचे नेम एवढं घेऊन आली. पोतं आणि गाठोडं कधीच संपलं. नेम राहिले. त्यातला एक असा, की लेकीला मूल होईस्तोवर आईनं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आईच्या घरून लेकीकडं सगळं जावं, तिकडून इकडं काही येऊ नये. पहिला घास घ्यायचा तो नातवंडाच्या बारशाला. आता हे कोण पाळतं? कोडोलीत तर कुणीच नाही. पण आक्काला लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं, आणि तिच्या आईनं सहा वर्षं नेम मोडला नव्हता, आणि मग तेजस्वी झाली होती. त्यामुळं आक्काच्या मनात या दोन गोष्टींची गाठ बसली होती. तेजस्वीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आक्का तिच्याकडं तूप, काकवी, तांदूळ, शेवया पोचवत आली आणि दर वेळी कोरड्या तोंडानं परतत आली.

आता लेक म्हणते जेवायला ये. जेवलं तर नेम मोडला, म्हणजे आशा आपल्याच हातानं पुरली. न जेवलं तर लेक तुटली.

तोड काढली ती शेजारच्या बयाबाईनं. भांडी घासता घासता ती म्हणाली, "अगं, तुझ्या लेकीचं हाटेल हाय न्हवं का? मग पैसं टाक आणि खा. इकत घेतलेल्या अन्नाला कसला आलाय नेम?" आक्काच्या हातातली राखेची मूठ तशीच राहिली. एवढं साधं कसं सुचलं नाही आपल्याला? तेव्हापासून ती हे वाक्य मनात घोळवत होती. बिल आमच्या नावावर करा. सहज म्हणायचं, हसत म्हणायचं. पंचगंगेचा पूल आला तेव्हा तिनं ते ओठातल्या ओठात पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

"काय म्हणालीस?" आण्णा म्हणाले.

"काय न्हाय."

*

नागाळा पार्कातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर तेजस्वीचं हॉटेल होतं. वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा अमरसिंह राहायचे. दारात अंजिराचं झाड, म्हणून पाटीवर नाव 'अंजीर'. खाली 'बिस्त्रो' असं काहीतरी फ्रेंच लिहिलेलं. हॉटेल मॅनेजमेंट शिकून तेजस्वी पाँडिचेरीला एका फ्रेंच बाईंच्या हाताखाली पाच वर्षं होती. त्या बाईंचं घराणं मूळचं अल्जीरियातलं, तिथून फ्रान्सला गेलेलं, त्यामुळं त्यांच्या स्वयंपाकात दोन्हीकडचं उतरलेलं. तेच तेजस्वीच्या हाताला लागलं. अमरसिंह हुपरीच्या चांदीवाल्यांतला. पैंजणांचे सांधे डाग देऊन जोडणं सोडून तो बायकोच्या हॉटेलात ऑर्डरी घेत होता, आणि हुपरीकरांना ते अजून पटलेलं नव्हतं.

हॉटेल निघून वर्ष होत आलं होतं. आक्का पहिल्यांदाच येत होती. आजवर कधी भांगलण आडवी आली, कधी लग्नसराई, कधी गुडघा.

आत निळ्या भिंती, मोजकी लाकडी टेबलं, खिडकीत पितळी दिवे. रविवार दुपारची गर्दी होती. दारातच एक भरदार मिशांचे गृहस्थ बायकामुलांसह उभे राहून अमरसिंहाशी बोलत होते.

"तांबडा-पांढरा न्हाय म्हंजे? मग रस्सा कसला हाय?"

"पावणं, आज आमचा खावा की. न्हाय आवडला तर मीच तुमास्नी तांबड्याच्या खानावळीत सोडून येतो."

"गाडी तुमची?"

"गाडी माझी, पेट्रोल तुमचं."

मिशांचे गृहस्थ हसले आणि बसले. अमरसिंह लगबगीनं आक्काकडं आला, वाकून दोघांच्या पाया पडला. "या मामी. या मामा. अंजिराजवळचं टेबल ठेवलंय तुमास्नी."

आक्का खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवी मांडीवर घेतली, मग पायाशी ठेवली, मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. आण्णांनी खुर्ची ओढून ऐसपैस मांडी ठोकली, टोपी टेबलावर ठेवली आणि आक्काला सांगायला लागले, "बिस्त्रो म्हंजे काय न्हाय, फ्रान्समधली खानावळ. आपल्यागत. फकस्त तिकडं ताट न्हाय, एकेक आणत्यात."

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

आण्णांनी उत्तर द्यायच्या आतच अमरसिंह पाण्याचा जग घेऊन आला आणि सवयीनं बोलून गेला, "मामा, तुमचं नेहमीचंच आणू का आज–"

तो थांबला. आण्णा खिडकीबाहेर अंजिराकडं बघायला लागले. झाडावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"नेहमीचं म्हंजे?" आक्का म्हणाली.

अमरसिंहानं जग खाली ठेवला. "मी जरा आत बघून येतो," म्हणाला आणि गेला.

"कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"हितं खाताय, ते कवापासनं?"

आण्णांनी कान खाजवला. "गुळाचा सौदा असला की येतो मार्केट यार्डात. मग काय उपाशी हिंडू?"

"मला सांगत व्हता खानावळीत जेवलो म्हणून."

"खानावळच हाय की ही. आत्ता तुला तेच सांगत व्हतो."

"आणि हाटेल निघायच्या आधी? भाड्यानं राजारामपुरीत ऱ्हात व्हती ती दोघं, तवा?"

"तवा घरात जेवायचो," आण्णा म्हणाले, आणि मग जरा हळू, "पोरगी वाढते म्हटल्यावर न्हाय कसं म्हणायचं, शेवंते? माझ्यानं न्हाय हुईत. आणि नेम आईचा असतोय. बापाला कोण इचारतंय?"

आक्काला आण्णांचे सौद्याचे दिवस आठवले. सौद्याहून आले की ते म्हणायचे, पोट भरलंय, दूधभात दे नुसता. आणि ती द्यायची. जोडीतला बैल केव्हाच जू टाकून सावलीला जाऊन बसलेला, आणि आपण नऊ वर्षं एका खांद्यावर नांगर ओढतोय. तिला राग आला, पण त्या रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. हेवा होता. या माणसाला माहीत होतं आपली लेक कसं रांधते ते. तिला नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून तेजस्वी बाहेर आली. अंगात पांढरा कोट, त्यावर हळदीसारखे डाग, केस टोपीत कोंबलेले. हातावर भट्टीच्या चटक्यांच्या आडव्या काळ्या रेघा. आक्का उठली, बसली, परत उठली.

"आलीस?" तेजस्वी म्हणाली.

"आले की."

आक्कानं डबा पुढं केला. "चीक हाय."

तेजस्वीनं डब्याकडं पाहिलं. "व्याली?"

"परवा. रेडी झाली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली. तिच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. म्हणूनच आक्काला जास्त लागलं.

*

आधी पाव आला. लांबडा, कडक पाठीचा. सोबत वाटीत लालभडक चटणी. आण्णांनी पाव मोडला, चटणीला लावला आणि तोंडात टाकून डोळे मिटले. "संकेश्वरी मिरची हाय. पर आपल्या चटणीगत न्हाय, जिरं-धन्याचा वास बघ. हरिसा म्हणत्यात तिला."

आक्कानं पाव हातात घेतला, उलटापालटा केला, ठेवला. मग कांद्याचं सूप आलं, वर पाव आणि चीज भाजून साय धरल्यासारखं. आण्णांनी तेही संपवलं. आक्कानं चमच्यानं वरची साय एका बाजूनं उचलली आणि परत झाकली. पलीकडच्या टेबलावरून मिशांच्या गृहस्थांचा आवाज आला, "अगं, कांद्याचं पाणीच हाय हे, पर लागतंय भारी." त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

आक्काचा अंगठा चपलेत वरखाली होत होता. वाक्य कधी म्हणायचं? आत्ता, का मुख्य जेवण आल्यावर? तिनं पिशवीतली बाटली काढली, बूच उघडलं, एक घोट घेतला. काउंटरवरून अमरसिंहानं ते पाहिलं आणि नजर फिरवली.

मुख्य जेवण तेजस्वी स्वतः घेऊन आली. मातीचं पसरट भांडं, त्यावर देवळाच्या कळसासारखं उंच निमुळतं झाकण. तिनं झाकण उचललं. वाफ वर गेली आणि दालचिनीचा, मिठात मुरलेल्या लिंबाचा, मटणाचा वास आला. मटणात जर्दाळू फुगून बसलेले. दुसऱ्या ताटात पिवळसर दाणेदार काहीतरी, मोकळं फडफडीत.

"हे गव्हल्यागत दिसतंय," आक्का नकळत म्हणाली. लग्नात खिरीला बायका जमून बोटांवर वळतात ते गव्हले तिला आठवले.

तेजस्वीचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. "कुसकुस. रवा असतोय. पाण्याचा हात लावून वळायचा, मग वाफवायचा, परत मोकळा करायचा, परत वाफवायचा. तयार बी मिळतो, पर हे मी पहाटे वळलंय. तुझ्यासाठी."

तिनं आक्काच्या ताटात आधी कुसकुस घातला, मध्ये खळगा केला, त्यात मटण आणि रस्सा सोडला. आणि वाढून ती गेली नाही. तिथंच उभी राहिली, डाव हातात धरून.

आण्णा घास हातात घेऊन थांबले. अमरसिंह काउंटरवरून बघत होता. आक्काला वाटलं, आत्ता. तिनं हसून बघितलं, मान काउंटरकडं वळवली आणि आठ दिवस घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं.

"जावईबापू, बिल तेवढं आमच्या नावावर करा हं. म्हंजे मी बी जेवते मोकळ्या मनानं."

बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. जमलं. नेमही राहिला, लेकही राहिली. तिनं घासाला हात घातला.

"बिल?" तेजस्वी म्हणाली.

"व्हय की. आमी काय फुकट–"

"गिऱ्हाईक म्हणून आलीस तू?"

"तसं न्हवं गं."

"मग कसं?" तेजस्वीचा आवाज मोठा नव्हता, पण मिशांच्या गृहस्थांचा चमचा थांबला. "मी पहाटे उठून वळलंय हे. आणि तू पैसे टाकून खाणार. त्या पावण्यागत."

"आमाला कशाला मधी घेताय, ताई?" मिशांचे गृहस्थ पुटपुटले. त्यांना पुन्हा कोपर बसलं.

"तेजा, नेम हाय तो," आक्का घाईघाईनं म्हणाली. "इकत घेतलं की नेम मोडत न्हाय. बयाबाई म्हणाली. मी तुझ्याच भल्यासाठी–"

"माझ्या भल्यासाठी तू नऊ वर्षं माझ्या दारातनं उपाशी गेलीस. दर वेळी तुझी बाटली निघाली की मला कळतं, माझ्याकडं काय न्हाय ते. डॉक्टर महिन्यातनं एकदा सांगायचा. तू दर खेपेला सांगतेस."

"मी कवा बोलले गं तसं?"

"बोलली न्हाईस. बोलली असतीस तर भांडले तरी असते."

आक्कानं हात ताटातून मागं घेतला. तिला म्हणायचं होतं, अगं मी आशा धरून बसलेय, मी जेवले म्हणजे मीच ती सोडल्यासारखं होईल. यातलं थोडंसं ती बोललीही. "मी जेवले म्हंजे... मग संपलंच की सगळं."

"संपलंय, आई. मी फोनवर सांगितलं तुला. तू म्हशीचं बोललीस."

तेजस्वीनं ते उंच झाकण उचललं आणि भांड्यावर ठेवलं. मातीवर मातीचा खणकन आवाज झाला. "घरच्या माणसांना आमी बिल देत न्हाय," ती म्हणाली आणि आत गेली. दार बराच वेळ झुलत राहिलं.

*

आक्का हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेली. नळ सोडला, बंद केला. एक फेरी मारली. पोत्यांवर कांदे पसरलेले होते, त्यांतला एक सडका तिनं उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. स्टँडवर रिक्षानं जावं का? कोडोलीची गाडी लागलेली असेल. जाऊन काय करणार? म्हशीला वैरण घालणार.

तिला आपली आई आठवली. एरवी आठवायची ती तेजस्वीच्या बारशाच्या दिवसाची आई, कोडोलीच्या सोप्यात पंगतीला बसलेली, भाकरी संपवून हात न आखडता "आणि थोडं वाढ" म्हणणारी. ते "आणि थोडं वाढ" आक्कानं जन्मभर जपलं होतं. तेजस्वीच्या लेकराच्या बारशाला आपणही असंच म्हणायचं, म्हणून ठेवून दिलं होतं. पण आज कांदे निवडताना तिला त्याच्या आधीची आई दिसायला लागली. सहा वर्षं यायची ती. चंदगडहून दोन गाड्या बदलून, पदराला चुरमुरे बांधून. आक्का तिच्यासाठी पिठलं करायची, गरम भाकरी टाकायची, ताट पुढं ठेवायची, या खेपेला तरी म्हणून. आई ताटाला हात लावून नमस्कार करायची आणि चुरमुरे सोडायची. ती गेल्यावर ते ताट म्हशीच्या घमेल्यात जायचं. आणि सासू ओसरीवरून म्हणायची, "तुझ्या आईनं बी वळखलंय तुला." आक्का मग चुलीपुढं बसून राख उकरत राहायची.

हे सगळं कुठं गेलं होतं? बारशाच्या एका भाकरीखाली सहा वर्षांची ताटं कशी काय झाकली गेली?

"मामी."

अमरसिंह मागं उभा होता. हातात छोटी वाटी, तिच्यात वाफाळता खरवस. "तुमच्या चिकाचाच हाय. तुमचीच म्हैस, तुमचाच चीक. ह्यात आमचं कायबी न्हाय. एवढा तरी खावा." तो घुटमळला. "सकाळधरनं तिनं बी खाल्लं न्हाय कायच. तुमच्याबरोबर बसायचं म्हणून."

आक्कानं वाटीत पाहिलं. चीक आपला, खरं. पण साखर? साखर यांची. वेलदोडा यांचा. वाफवलं ते पाणी यांचं, आग यांची. घरच्या गुळाचा खरवस घरूनच शिजवून आणला असता तर... मग वाटी कुणाची? तिचं तिलाच हे सगळं एकाएकी ओंगळ वाटायला लागलं. लेकीच्या चुलीपुढं उभं राहून आपण साखर कुणाची आणि आग कुणाची ते निवडतोय, सडक्या कांद्यासारखं.

"नको," ती म्हणाली.

अमरसिंहाचं तोंड पडलं. तो वाटी घेऊन वळला. आक्का त्याच्या मागोमाग आत आली.

स्वयंपाकघराच्या दाराची गोल काच होती. तिच्यातून तेजस्वी दिसत होती, पाठमोरी. एका हातानं कढई हलवत होती, दुसऱ्या हातानं कोटाच्या बाहीनं तोंड पुसत होती, आणि पुढची ताटली सरकवत होती. रविवारची गर्दी कुणाच्या आईसाठी थांबत नाही.

आक्का टेबलाशी येऊन बसली. आता मात्र खुर्चीच्या कडेवर नाही, आत सरकून. आण्णांचं ताट तसंच होतं. ते जेवले नव्हते. "जायाचं का?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

पाण्याची बाटली टेबलावरच होती. आक्कानं तिचं बूच घट्ट लावलं, ती पिशवीत घातली आणि पिशवी पायानं टेबलाखाली सारली. मग मळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक घालावी तशी तिनं हाक घातली.

"तेजा!"

सगळं हॉटेल वळलं. मिशांच्या गृहस्थांनी चमचा खाली ठेवला.

"ए तेजा! पाणी आण!"

अमरसिंह जग घेऊन धावला. आक्कानं हातानं त्याला थांबवलं. "तुमी न्हवं. तिला आणू दे."

झुलतं दार उघडलं. तेजस्वी दारात उभी राहिली. डोळे लाल, नाकाच्या शेंड्यावर कसलंसं पीठ. तिनं आईकडं पाहिलं, टेबलावर पाहिलं, बाटली कुठं दिसेना. काउंटरजवळचा माठ उघडून तिनं तांब्या बुडवला, पेला भरला आणि घेऊन आली. चालताना पेल्यातलं थोडं सांडलं.

आक्कानं पेला दोन्ही हातांनी घेतला. लेकीच्या हातून पाणी घेताना आपण कुठं असू, हे तिनं कितीदा मनात बघितलं होतं. पाळणा टांगलेला, बायकांनी सोपा भरलेला, कुणीतरी नाव कानात सांगतंय. त्या सोप्याऐवजी या निळ्या भिंती होत्या आणि अनोळखी माणसं बघत होती. ती प्यायली. घटाघटा, न थांबता, हनुवटीवरून ओघळलं तरी. पेला रिकामा करून तिनं ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं, ते डोळ्यांपर्यंत पुसत नेलं.

"आता बस हितं," ती म्हणाली.

"आई, गर्दी हाय. पाच टेबलांचं–"

"पावणं थांबतील की. व्हय का न्हाय हो, पावणं?"

"थांबतो, थांबतो," मिशांचे गृहस्थ म्हणाले. "आमाला काय घाई न्हाय. आजी, तुमी जेवा."

तेजस्वी बसली, खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतात असल्यासारखी. पाय हलत होता तिचा. आक्काला तो टेबलाखाली जाणवत होता. आण्णांनी झाकण उचललं. वाफ आता फारशी नव्हती.

आक्कानं कुसकुस बोटांनी कालवला, मटणाचा तुकडा मोडला आणि घास घेतला. चावला. जर्दाळू दातांखाली आला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"गोड लागतंय गं मटण."

"तसंच असतंय ते."

"गूळ घातलास?"

"जर्दाळू हाय, आई."

"कोल्हापुरात ऱ्हाऊन गोड मटण," आक्का म्हणाली. "तुझ्या चंदगडच्या आजीनं ताट फेकलं असतं."

"आजी तर मी हुईस्तोवर खातच नव्हती," तेजस्वी म्हणाली.

आक्कानं मान हलवली. "व्हय. न्हाय खायची." तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. लिंबाची खारट साल जिभेवर आली, आणि मागून मिरची. चव नीट कळायला लागली होती, पण प्रत्येक घासाबरोबर तो टांगलेला पाळणा डोळ्यांपुढं येत होता. लेकीला ते दिसू नये म्हणून ती भराभरा जेवत होती. तेजस्वीनंही पाव मोडला. हळूहळू तिच्या पायाचं हलणं मंदावलं, पूर्ण थांबलं नाही.

ताटातला खळगा रिकामा झाला. आक्कानं बोटांनी कडेचे दाणे गोळा केले. जपून ठेवलेलं ते वाक्य आता तिच्या तोंडाशी आलं होतं, आणि ते दुसऱ्या कुठल्या दिवसासाठी राखायचं हे तिला कळेना. समोर लेक होती, भुकेली, पिठानं माखलेली.

"आणि थोडं वाढ," ती म्हणाली.

तेजस्वीनं डाव उचलला. वाढत राहिली, वाढत राहिली, आईनं बास म्हणावं म्हणून मध्येच तिच्याकडं बघत.

आक्का बास म्हणाली नाही.